दुकानातल्या कॉम्प्युटरवर मेल उघडाच राहिला

प्रश्न: नमस्कार. मी ऐरोलीत राहते, वय ५६. सिडकोच्या घरांच्या सोडतीचा अर्ज भरायला स्टेशनजवळच्या एका झेरॉक्सच्या दुकानात गेले होते. तिथला मुलगाच अर्ज भरून देतो. आधार, पॅन, रद्द केलेला चेक, सगळं माझ्या जीमेलवर होतं, म्हणून त्याच्या कॉम्प्युटरवर मेल उघडला. ‘पासवर्ड सेव्ह करायचा का’ असं काहीतरी आलं, घाईत कुणी काय दाबलं ते आठवत नाही. काम झाल्यावर ते पान बंद करून आले. महिन्याभराने प्रिंट काढायला पुन्हा गेले, तर पासवर्ड न विचारताच माझा मेल समोर! लगेच लॉगआउट करून घेतलं. आता बंगळूरला असलेला मुलगा म्हणतो, दर महिन्याला पासवर्ड बदलत जा. भाची म्हणते, लॉगआउट झालंय ना, मग विषय संपला. ह्यांचं म्हणणं, तू पासवर्ड डायरीत लिहितेस तीच मोठी चूक. माझा एकच पासवर्ड आहे, तोच सगळीकडे चालवते, नाहीतर लक्षात राहत नाही. खातं काढलं तेव्हा ह्यांच्या कंपनीचा मोबाइल नंबर दिला होता. ते गेल्या वर्षी निवृत्त झाले. मी नेमकं काय करू? आणि त्या दुकानात जाऊन भांडू का?

उत्तर:

ताई, विषय संपलेला नाही. पण घाबरून जाण्यासारखंही काही नाही, कारण जे करायचं आहे ते जवळजवळ सगळं घरी बसून, तुमच्या स्वतःच्या फोनवरून होतं. आजच करा, एवढाच आग्रह.

आधी त्या दुकानात काय झालं ते समजून घेऊ. तिथे तुमच्या दोन वेगवेगळ्या गोष्टी राहिल्या असाव्यात. एक म्हणजे चालू सेशन. तुम्ही एकदा पासवर्ड टाकलात की गूगल त्या ब्राउझरमध्ये, म्हणजे क्रोमसारख्या इंटरनेट बघायच्या प्रोग्राममध्ये, एक छोटी नोंद ठेवतं, तिला कुकी म्हणतात. पुढच्या वेळी ब्राउझर ती नोंद दाखवतो आणि गूगल पासवर्ड न विचारता मेल उघडून देतं. पान बंद केलं, कॉम्प्युटर बंद केला, तरी ती नोंद तशीच राहते. लॉगआउट म्हटल्याशिवाय ती सहसा रद्द होत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे सेव्ह झालेला पासवर्ड. तो ब्राउझरच्या वेगळ्या यादीत असतो आणि लॉगआउट केल्याने तिथून पुसला जात नाही. घराचं उदाहरण घ्या. सेशन म्हणजे आत येऊन बसलेला माणूस आणि सेव्ह केलेला पासवर्ड म्हणजे त्याच्या खिशातली डुप्लिकेट किल्ली. तुम्ही माणसाला बाहेर काढलंत, किल्ली त्याच्याकडेच राहिली असणार. भाचीच्या ध्यानात आलं नाही ते हेच.

आणि ती किल्ली कुणाला दिसत नाही असंही समजू नका. पासवर्डच्या जागी ठिपके दिसतात, पण ब्राउझरच्या सेटिंगमध्ये जाऊन डोळ्याच्या चिन्हावर टिचकी मारली की अक्षरं उघड होतात. क्रोम त्याआधी विंडोजचा पिन किंवा पासवर्ड विचारतो, पण दुकानातल्या कॉम्प्युटरचा पिन तिथल्याच लोकांना माहीत असतो.

आता तुमच्या पत्रातल्या ज्या वाक्याने मला सर्वात जास्त काळजी वाटली, त्याकडे येते. ते दुकानाबद्दलचं नाही, कंपनीच्या नंबराबद्दलचं आहे. तुम्ही ते जाता जाता लिहिलंय. निवृत्त होताना साहेबांनी ते सिम कंपनीला परत केलं असेल, तर आज तो नंबर बहुधा दुसऱ्या कुणा कर्मचाऱ्याच्या खिशात आहे. कंपनीने कनेक्शनच बंद केलं असेल तरी निदान ९० दिवस थांबून तो नंबर मोबाइल कंपनी नव्या ग्राहकाला देऊ शकते. आणि ‘पासवर्ड विसरलात?’ या बटणावरून येणारा कोड अजूनही त्याच नंबरवर जातो आहे. त्या माणसाच्या मनात काही वाईट असेल असं नाही. पण तुम्ही कितीही अवघड पासवर्ड ठेवलात तरी तो बाजूला सारून आत शिरण्याची वाट तिथून उघडी आहे. म्हणून सुरुवात इथूनच करा.

फोनवर जीमेल उघडा. उजव्या कोपऱ्यात वर तुमचा फोटो किंवा नावाचं पहिलं अक्षर असलेला गोल आहे, त्यावर दाबा. ‘मॅनेज युवर गूगल अकाउंट’ असं येईल. फोन मराठीत असेल तर ‘तुमचे गूगल खाते’ अशा अर्थाचं. तिथे सिक्युरिटी म्हणजे सुरक्षा हा भाग आहे. रिकव्हरी फोन आणि रिकव्हरी ईमेल, म्हणजे पासवर्ड विसरल्यावर कोड जिथे येतो तो नंबर आणि पत्ता, तिथेच दिसतात. जुना नंबर काढून तुमचा स्वतःचा घाला, जो कायम तुमच्या हातात असतो तो. रिकव्हरी ईमेल म्हणून मुलाचा पत्ता घालायला हरकत नाही, पण त्याचा ऑफिसचा नको, खासगी घ्या. नोकऱ्या बदलतात आणि ऑफिसचा पत्ता नोकरीबरोबर जातो. एक लक्षात ठेवा, नंबर बदलल्यानंतरही सात दिवसांपर्यंत गूगल जुन्या नंबरवर कोड पाठवण्याचा पर्याय देऊ शकतं. म्हणूनच म्हटलं, आजच करा.

यानंतर तिथेच पासवर्ड बदला. तो बदलला की दुकानाच्या ब्राउझरमध्ये साठलेला जुना पासवर्ड निरुपयोगी होतो आणि बहुतेक ठिकाणची सेशन आपोआप तुटतात. घरातला टॅब, टीव्हीवरचं यूट्यूब, जुना लॅपटॉप, बहुतेक सगळीकडे पुन्हा लॉगइन करायला सांगितलं जाईल. काहीतरी बिघडलं असं वाटून घेऊ नका, तसंच व्हायला हवं. फक्त सकाळी दहा-अकराला तत्काळ तिकीट काढायचं असेल त्या दिवशी हे काम काढू नका. निवांत दुपारी बसा.

‘बहुतेक’ म्हटलं, कारण एखादं सेशन राहून जाऊ शकतं. त्यासाठी सिक्युरिटीमध्येच ‘युवर डिव्हाइसेस’ ही यादी बघा. तुमचं खातं सध्या किंवा गेल्या काही आठवड्यांत कुठल्या फोनवर, कुठल्या कॉम्प्युटरवर उघडलं गेलं ते तिथे दिसतं. तुमच्या यादीत साधारण असं काही असेल: तुमचा फोन, एखादा टीव्ही, आणि ‘विंडोज’ अशी एक नोंद. त्या नोंदीवर दाबलं की ब्राउझर, शेवटचा वापर आणि अंदाजे ठिकाण येतं. ठिकाणावर फार भरवसा ठेवू नका. इंटरनेट कंपनीच्या जोडणीनुसार ऐरोलीतला कॉम्प्युटर मुंबईत, ठाण्यात किंवा आणखी लांब कुठे दिसू शकतो. तारीख आणि वेळ मात्र नीट बघा. तुम्ही दुकानात गेलात ते दोन दिवस सोडून मधल्या एखाद्या दिवशी, किंवा रात्री अकराला त्या विंडोजवर वापर दिसला, तर ती गंभीर गोष्ट आहे. यादीत बंगळूर दिसलं तर आधी मुलाला फोन करा. आईचा मेल बघून देणारी मुलं बरीच असतात आणि आई ते विसरलेली असते. बाकी जे ओळखीचं नाही त्यावर दाबून ‘साइन आउट’ करा. एखादा जुना फोन तुम्ही कामवाल्या ताईंच्या मुलीला किंवा पुतण्याला दिला असेल तर तोही याच यादीत सापडेल.

आता जड भाग. तुमचा एकच पासवर्ड सगळीकडे आहे. म्हणजे दुकानात जे साठलं ते फक्त मेलचं नव्हतं. बँक, रेल्वे तिकिटं, वीजबिल, खरेदीच्या साइट, सोडतीचं खातं, या सगळ्यांचं ते होतं. मेलचा पासवर्ड बदलून मेल वाचेल, बाकीच्यांच्या कुलपांना जुनी चावी तशीच लागत राहील. चोरीला गेलेले मेल-पासवर्ड घेऊन शेकडो साइटवर आपोआप लावून बघणारे प्रोग्राम असतात. एखादी किरकोळ खरेदीची साइट फुटली की तिथला पासवर्ड बँकेवर चालतो का हे ते बघतात. त्यामुळे दुकानातला मुलगा कितीही सज्जन असला तरी एकच पासवर्ड ही सवय मोडायलाच हवी. एका बैठकीत सगळं करायला जाऊ नका, कंटाळून अर्धवट सोडाल. आज मेल आणि बँक. उद्या जिथे कार्ड जोडलेलं आहे त्या साइट. उरलेल्या जशा वापरायला घ्याल तशा.

लक्षात कसे राहतील, ही तुमची अडचण अगदी खरी आहे आणि तिला उत्तर आहे. डोक्यात फक्त दोन ठेवा, मेलचा आणि बँकेचा. ते लांब ठेवा, अवघड नाही. एकमेकांशी संबंध नसलेले चार मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत सलग लिहा. ‘खलबत्ता पारसिक जांभूळ वेलदोडा’ असं काही. हेच मात्र घेऊ नका, ते आता छापून झालंय. मुलांची नावं, जन्मसाल, सोसायटीचं नाव, सेक्टर नंबर यातलं काही नको. तुम्हाला ओळखणारा माणूस आधी तेच लावून बघतो. बाकीच्या साइटचे पासवर्ड फोनलाच तयार करू द्या आणि फोनमध्येच साठवू द्या. गूगलचा पासवर्ड मॅनेजर अँड्रॉइड फोनमध्ये आधीपासून असतो. मी वर सेव्ह झालेल्या पासवर्डबद्दल इतकं बोलले, मग आता हे कसं, असं वाटेल. फरक जागेचा आहे. तुमच्या एकटीच्या, बोटाच्या ठशाने किंवा पिनने बंद होणाऱ्या फोनमध्ये पासवर्ड साठवणं चांगलं; दहा जण बसतात त्या कॉम्प्युटरवर कधीच नाही. फोनला लॉक नसेल तर आधी ते लावा. बँकेचा पासवर्ड मात्र मी स्वतः कुठल्याच ब्राउझरमध्ये ठेवू देत नाही.

डायरीबद्दल साहेबांना माझा निरोप द्या: डायरी चूक नाही. घरातल्या कपाटात, पासबुकांबरोबर ठेवलेली वही इंटरनेटवरून कुणी चोरू शकत नाही. एकच सोपा पासवर्ड पाठ करून सगळीकडे वापरण्यापेक्षा वेगवेगळे पासवर्ड वहीत लिहिणं कितीतरी बरं. ती पर्समध्ये घेऊन फिरू नका, ट्रेनमध्ये पर्स जाते. तिचा फोटो काढून गॅलरीत ठेवू नका आणि स्वतःलाच व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू नका. एवढं पाळलं की झालं.

दर महिन्याला बदलण्याचा मुलाचा सल्ला जुना आहे. बरीच वर्षं ऑफिसांत तसा नियम होता, त्यामुळे त्याचा दोष नाही. अमेरिकेतल्या एनआयएसटी या मानकं ठरवणाऱ्या संस्थेने २०१७ मध्येच आपल्या सूचनांत सांगितलं की ठरावीक मुदतीने पासवर्ड बदलायला लावू नका. फुटल्याचा संशय असेल तेव्हा बदलायला लावा. कारण सतत बदलायला लागलं की माणूस शेवटचा आकडा तेवढा बदलतो आणि पुढचा पासवर्ड ओळखणं सोपं होतं. तुमच्या बाबतीत संशयाला जागा आहे, म्हणून आता बदला. नंतर तो सुखाने चालू द्या.

त्याऐवजी एक गोष्ट जरूर चालू करा: टू-स्टेप व्हेरिफिकेशन. पासवर्ड कळला तरी तुमच्या फोनवर होकार दिल्याशिवाय किंवा तिथला कोड टाकल्याशिवाय नव्या कॉम्प्युटरवर खातं उघडत नाही. चालू केल्यावर बॅकअप कोडही मागून घ्या. गूगल आठ आकड्यांचे दहा कोड देतं, प्रत्येक एकदाच चालतो. ते कागदावर उतरवून त्याच डायरीत ठेवा. फोन लोकलमध्ये गेला तर हेच कोड तुम्हाला आत घेतील. पण हेही सांगते की उघडं राहिलेलं सेशन या दुसऱ्या कुलपालाही जुमानत नाही, कारण तिथे तपासणी आधीच झालेली असते. म्हणून यादी बघून साइन आउट करणं टाळता येत नाही.

दोन तपासण्या उरल्या, दोन्ही कॉम्प्युटरवरूनच नीट होतात. भाचीच्या लॅपटॉपवर बसा, तिला समोर बसवा. जीमेलच्या सेटिंगमध्ये ‘फॉरवर्डिंग’ आणि ‘फिल्टर्स’ हे भाग उघडा. तिथे अनोळखी पत्ता दिसला तर तुमच्या मेलची प्रत गुपचूप तिकडे जाते आहे असं समजा आणि तो लगेच काढा. पासवर्ड बदलूनही हे आपोआप थांबत नाही. काही नसेलच बहुतेक, पण बघितल्याशिवाय सोडू नका.

दुसरी तपासणी दुकानातल्या त्या ब्राउझरची. तिथे मेल उघडताना क्रोमच्या कोपऱ्यात तुमचा फोटो किंवा अक्षर आलं होतं का, आठवून बघा. आलं असेल तर तुम्ही फक्त मेलमध्ये नाही, ब्राउझरमध्येही साइन-इन झाला होता. आणि सिंक, म्हणजे फोन आणि कॉम्प्युटरवरची माहिती एकसारखी ठेवणारी सोय, चालू केलं गेलं असेल तर तुमच्या फोनमध्ये साठवलेले बाकीचे पासवर्डही त्या कॉम्प्युटरवर उतरले असू शकतात. तसं असेल तर दुकानात जाऊन तुमचं प्रोफाइल काढायला सांगा आणि ते तुमच्या डोळ्यांसमोर करून घ्या.

यातून भांडणाचा प्रश्नही सुटतो. भांडू नका, पण जा. ऐरोली, रबाळे, कोपरखैरणे, वाशी, कुठल्याही स्टेशनबाहेर अशी दुकानं आहेत. दिवसभर रांग असते, एकाच कॉम्प्युटरवर माणसामागून माणूस येतो. लॉगआउट करायला सांगण्याइतकी उसंत त्या मुलाला नसते, आणि ते त्याला कुणी शिकवलेलंही नसतं. त्याला तीन गोष्टी करायला सांगा. ब्राउझरच्या पासवर्डच्या यादीतून तुमचं नाव पुसायचं. डाउनलोड्सच्या फोल्डरमधून तुमचं आधार, पॅन, चेक पुसायचं आणि रिसायकल बिनही रिकामं करायचं. आणि क्रोममध्ये ‘पासवर्ड सेव्ह करायचा का’ असं विचारण्याची ती सोयच बंद करून टाकायची, म्हणजे तुमच्यानंतर येणाऱ्या माणसावर ही वेळ येणार नाही. शांतपणे सांगितलं तर बहुतेक जण करतात.

कागदांचं थोडं बोलायलाच हवं. मेलमध्ये पडून असलेली आधारची पीडीएफ पासवर्डने बंद आहे म्हणून सुरक्षित आहे असं अनेकांना वाटतं. तिचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्मसाल. तुमच्याच मेलमधल्या पॅनकार्डवर या दोन्ही गोष्टी छापलेल्या आहेत. त्यामुळे मेलमध्ये ‘आधार’, ‘पॅन’, ‘चेक’ असं शोधा, पाठवलेल्या मेलमध्येही शोधा, आणि गरज नसलेलं काढून ट्रॅश रिकामी करा. लागतील तेव्हा कागद डिजिलॉकरमधून घेता येतात. आणि जिथे चालतं तिथे मास्क्ड आधार द्या, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात.

पुढच्या वेळी दुकानात मेल उघडूच नका. हवा तो कागद आधी फोनमध्ये उतरवा आणि पेनड्राइव्हवर किंवा केबलने द्या. दुकानाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवावाच लागला तर काम झाल्यावर दोन्हीकडून पुसून घ्या. अगदीच इलाज नसेल तर इनकॉग्निटो खिडकी उघडून घ्या आणि काम होताच त्या सगळ्या खिडक्या बंद करा. त्यात कुकी आणि पासवर्ड मागे राहत नाहीत. मात्र कॉम्प्युटरमध्येच कळा टिपणारा एखादा प्रोग्राम बसलेला असेल तर इनकॉग्निटोचा उपयोग नाही, म्हणून तो शेवटचाच मार्ग समजा. तिथे कधी व्हॉट्सअ‍ॅप वेब लावलं असेल तर फोनमधल्या ‘लिंक्ड डिव्हाइसेस’मध्ये जाऊन तेही तोडा.

हे करताना यादीत नको त्या वेळचा वापर दिसला, फॉरवर्डिंगमध्ये परका पत्ता निघाला किंवा खात्यातून पैसे गेले, तर मला पत्र लिहीत बसू नका. पैसे गेले असतील तर लगेच बँकेला कळवा आणि १९३० या हेल्पलाइनवर फोन करा; जितक्या लवकर कराल तितकी रक्कम पुढे जाण्याआधी अडवता येण्याची शक्यता जास्त. पैसे गेले नसतील तरी राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवता येते. स्क्रीनचे फोटो आधी काढून ठेवा, साइन आउट नंतर करा.

आणि साहेबांनाही शेजारी बसवा. कंपनीचा तो नंबर त्यांनी स्वतःच्या मेलला, बँकेला, पीएफच्या खात्याला दिलेला असण्याची शक्यता तुमच्यापेक्षा जास्त आहे.